पाठदुखीच्या दोन फायली

आमच्या कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात दोन फायली आहेत. एक माझी, एक पत्नीची. अडतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला कागद लावून ठेवल्याशिवाय स्वतःचं दुखणंसुद्धा खरं वाटत नाही. त्यामुळे दोन्हींवर माझ्याच अक्षरात चिठ्ठ्या आहेत : ‘पाठ – स्वतः’ आणि ‘पाठ – सौ.’ माझी फाइल चार बोटं जाड. तिच्यात तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, दोन एक्स-रे, एक एमआरआय, पट्ट्याची पावती, गादीची पावती, खास खुर्चीची पावती आणि तेलाच्या मालिशचं सात दिवसांचं बिल. सौ.ची फाइल माझ्या निम्मीही नाही.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही एकदम हाताला लागल्या. दोन खाती समोर आली की ताळा घालून पाहायचा, ही जुनी खोड. माझ्या पहिल्या कळेपासून पहिल्या डॉक्टरपर्यंत गेलेले दिवस : ४. तिचे : २०० च्या वर. माझ्या पाठीत निघालेला आजार : काही नाही, स्नायूंचा थकवा. तिच्या पाठीत निघालेला आजार : मणक्याचा क्षय. फायली मांडीवर घेऊन मी बराच वेळ जमिनीवर बसून राहिलो. हा लेख त्या न जुळलेल्या ताळ्याबद्दल आहे.

आधी एक खुलासा. आपल्याकडे ‘पाठ दुखते’ असं म्हणणाऱ्या माणसाचा हात बहुतेक वेळा कमरेवर असतो. मी बोलतोय ते वरच्या पाठीबद्दल. मानेच्या खाली, कमरेच्या वर, दोन खवाट्यांच्या मधल्या प्रदेशाबद्दल. आपला स्वतःचा हात जिथे धड पोचत नाही तो हा भाग. बाम चोळायलासुद्धा दुसरं माणूस लागतं. म्हणजे हे दुखणं जात्याच असं आहे की घरातल्या दुसऱ्या कुणीतरी लक्ष दिल्याशिवाय त्याचं भागत नाही.

माझ्या फायलीपासून सुरुवात करतो. मी १९८१ मध्ये बँकेत कारकून म्हणून लागलो. तेव्हा सगळा कारभार लेजरांवर चालायचा. सकाळी ती जाडजूड बाडं कपाटातून काढून काउंटरवर आणायची, संध्याकाळी परत ठेवायची. मध्ये चेक घेऊन साहेबाच्या टेबलाकडे, तिथून कॅशकडे, तिथून पुन्हा जागेवर. मोठं हुशारीचं काम होतं असं नाही, पण त्यात उठबस होती. नव्वदीच्या दशकात यंत्रं आली, पुढे कोअर बँकिंग आलं आणि सगळी बँक माझ्या टेबलावरच्या पडद्यात मावली. सगळं जग माझ्याकडे चालत येऊ लागलं आणि मी हलायचा थांबलो. त्यात रात्री दहानंतर कादंबरीलेखन. तेही जेवणाच्या टेबलावर, कागदावर नाक टेकायचं बाकी ठेवून.

२००९ च्या उन्हाळ्यात पहिली कळ आली. दुपारी तीनच्या सुमाराला, डाव्या खवाट्याच्या आतल्या कडेला, कुणी निखारा धरल्यासारखी. डावी बाजू म्हटल्यावर घाबरलो. चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो, कार्डिओग्राम काढला, तो चांगला निघाला. हे मी योग्यच केलं असं आजही म्हणेन. चुकलं ते त्यानंतरचं.

आता या निखाऱ्यामागे काय असतं ते थोडक्यात सांगतो. आपल्या कण्यात मानेचे ७ मणके, कमरेचे ५ आणि त्यांच्या मधले १२ मणके पाठीचे. या १२ मणक्यांना दोन्ही बाजूंनी बरगड्या जोडलेल्या असतात. हृदय आणि फुप्फुसं सांभाळणारा हा पिंजरा असल्यामुळे तो मान-कमरेइतका वळत-वाकत नाही. म्हणूनच ‘चकती सरकली’ हा प्रकार कमरेत आणि मानेत नेहमीचा, इथे क्वचित. इथलं दुखणं बहुतेक वेळा स्नायूंचं, बरगड्यांच्या सांध्यांचं, किंवा मानेतून उतरलेलं असतं.

स्नायूंना कष्ट सोसतात, ताटकळत उभं राहणं सोसत नाही. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. पाच किलो साखरेची पिशवी छातीशी धरून आपण गप्पा मारत उभे राहू शकतो. तीच पिशवी हात लांब करून धरली तर दोन मिनिटांत खांदे भरून येतात. पडद्याकडे, वहीकडे किंवा हल्ली मोबाइलकडे मान पुढे काढून बसलो की डोक्याची ती पिशवी लांब जाते आणि मानेपासून पाठीपर्यंतचे स्नायू तिला तासन्‌तास ओढून धरतात. चालताना स्नायू आळीपाळीने आवळतात आणि सैल होतात. बैठकीत ते नुसते आवळलेले राहतात. शेवटी ते तक्रार करतात. रात्रीची अपुरी झोप, डोक्यावरचं कर्ज, शाखेचं टार्गेट यांनीही हे दुखणं वाढतं. ते खोटं असतं म्हणून नव्हे, तर दुखणं किती मोठं वाटावं हे ठरवणारी मज्जासंस्था आधीच ताणलेली असते म्हणून.

हे मला तेव्हा कुणी सांगितलं असेल तर मी ऐकलं नाही. मला नाव हवं होतं; एखादं भारदस्त, लॅटिन नाव. पहिल्याच आठवड्यात हट्टाने एमआरआय करून घेतला. त्यात ‘मणक्यांची झीज’ असं आलं आणि मी महिनाभर ते चारचौघांत सांगत फिरलो. पुढे कळलं, की अशी झीज पन्नाशीतल्या काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या चित्रांतही सर्रास दिसते. केस पांढरे झाल्याचा कुणी रिपोर्ट काढत नाही, इतकंच. मग पट्टा बांधला, त्याने स्नायू आणखी आळशी झाले. गादी बदलली. आठ दिवस रजा घेऊन पडून राहिलो, तर उठताना पाठ लाकडासारखी. एका हाडवैद्याने पाठीतून कडकन आवाज काढून दाखवला. आवाजाने समाधान झालं, दुखणं तिसऱ्या दिवशी परत हजर.

शेवटी गाठ पडली ती एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीशी. तिने फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘काका, सकाळी खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा उठता कधी?’ मी म्हटलं, ‘जेवायला.’ ती म्हणाली, ‘मग औषध सापडलं.’

तिचं औषध फुकटातलं होतं. अर्ध्या तासाला एकदा उठायचं. पाणी पिण्यासाठी, खिडकीपर्यंत, कशासाठीही. पडदा डोळ्यांच्या रेषेत आणायचा. मी त्याखाली दोन जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे ठेवले. साहित्याचा असाही उपयोग. दिवसातून दोनदा भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं आणि दोन्ही हात भिंतीवरून सरकवत वर न्यायचे, खाली आणायचे. खवाटे मागे एकमेकांकडे नेऊन पाच आकडे थांबायचं, सोडायचं. खुर्चीवर बसून हात छातीवर बांधून धड हळूच डावीकडे-उजवीकडे वळवायचं. टॉवेलची गुंडाळी पाठीखाली आडवी ठेवून दोन मिनिटं उताणं पडायचं. दुखेल त्या दिवशी गरम पाण्याची पिशवी. आठवड्याभराने दाराच्या कडीला रबरी पट्टा अडकवून तो मागे ओढायचा, कारण नुसतं ताणून भागत नाही, स्नायूंत बळ यावं लागतं. आणि रोज चालणं. मी विचारलं, ‘बसायची योग्य पद्धत कुठली?’ ती म्हणाली, ‘ताठ बसायचा अट्टहास नको. सरळ बसूनसुद्धा तीन तास न हलणं वाईटच. बैठक बदलत राहणं हीच चांगली बैठक.’ दीड महिन्यात निखारा विझला. अधूनमधून धुगधुगतो; तेव्हा मला कळतं, की मी पुन्हा बसून राहायला लागलोय.

खरं तर हे शिकण्यासाठी पुणेकराला फार लांब जायला नको होतं. १९३७ मध्ये एक अठरा-एकोणीस वर्षांचा किडकिडीत दक्षिणी मुलगा गुरूच्या सांगण्यावरून काही महिने योगासनं शिकवायला पुण्यात आला आणि इथलाच झाला. बी. के. एस. अय्यंगार. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय अशा आजारांतून तगलेला हा माणूस. १९५२ मध्ये जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन त्यांना मुंबईत भेटले. व्हायोलिन म्हणजे हनुवटी, खांदा आणि पाठ यांची रोजची कसोटी. पुढे मेनुहिन यांनी त्यांना एक घड्याळ भेट दिलं, त्यावर आपल्या सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षकाला, अशा अर्थाची अक्षरं कोरून घेतली होती. हात नव्हे, वाजवणारं सगळं शरीर सुरात लागतं, हे त्या वादकाला कळलं होतं.

१९७५ मध्ये मॉडेल कॉलनीजवळ अय्यंगारांची संस्था उभी राहिली. तिथे भिंतीला लावलेले दोर, खुर्च्या, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड पाहून आम्ही तरुणपणी हसायचो. ज्याचं अंग वाकत नाही त्यालाही आसन करता यावं म्हणून ती सोय होती, हे पुढे कळलं. १९७९ मध्ये खुद्द अय्यंगारांना स्कूटरच्या अपघाताने जायबंदी केलं, आणि साठी गाठलेल्या त्या माणसाने त्याच साधनांच्या आधाराने आपलं शरीर टप्प्याटप्प्याने परत मिळवलं. २०१४ मध्ये ते गेले, तेव्हा पंच्याण्णव वर्षांचे होते. योगाने सगळे रोग बरे होतात असं मी म्हणणार नाही. माझ्या दुसऱ्या फायलीनेच मला तसं म्हणू दिलेलं नाही. पण थकलेल्या पाठीला आराम नव्हे, नेमकी हालचाल हवी असते, ही गोष्ट या शहरात फार आधीपासून शिकवली जात होती. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये स्थापलेलं महाराष्ट्रीय मंडळ काय, किंवा औंधच्या राजांनी (आपल्या गणेशखिंडीपलीकडचं औंध नव्हे, सातारा जिल्ह्यातलं) घरोघर नेलेला सूर्यनमस्कार काय, शिकवण तीच. आम्ही ती व्याख्यानमालेत ऐकली आणि बसूनच ऐकली.

आता दुसरी फाइल.

१९९४ मध्ये आम्ही फ्लॅट घेतला. स्वयंपाकघराचं काम चालू असताना गवंड्याने विचारलं, ‘साहेब, ओटा किती उंच घेऊ?’ मी हात कमरेपाशी धरून दाखवला. माझी उंची पाच फूट नऊ इंच. पत्नीची चार फूट अकरा. ओटा झाला तीन फुटांचा, वर पोळपाट. त्या उंचीवर पोळी लाटायची तर तिला दोन्ही खांदे कानांकडे उचलूनच लाटावी लागे. रोज वीस-बावीस पोळ्या, वर्षांमागून वर्षं. काम करायची जागा कोपराच्या थोडी खाली असावी, जोर लावायचं काम असेल तर आणखी खाली, हे साधं गणित. ज्याने कधी लाटणं हातात धरलं नाही त्याने तो ओटा ठरवला. सबंध घरात असं किती असेल! आमच्या आज्या बसून स्वयंपाक करायच्या, विळीवर चिरायच्या. त्यांचं सगळं सुखाचं होतं असं नाही. जातं आणि धूर काही गमतीचे नव्हते. पण ओटा आला तेव्हा तो कुणाच्या मापाने बांधायचा, हा प्रश्न फार थोड्या घरांत विचारला गेला असेल.

त्यामुळे २०१३ मध्ये ती म्हणाली, ‘अहो, पाठीत मधोमध दुखतंय हो,’ तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार होतं. ‘पोळ्यांनी झालं असेल. बाम लाव.’ उत्तर इतकं पटण्याजोगं होतं, की तिलाही ते पटलं. तीच तर त्यातली गोम. कारण समोर दिसत असलं की माणूस पुढे शोधत नाही.

मधल्या काळात घडत गेलेल्या गोष्टी आज मला एकापाठोपाठ एक दिसतात. तेव्हा त्या सुट्या सुट्या दिसत होत्या. पाठ काम करताना दुखायची, तशीच न करतानाही दुखायची. गणपतीत पोळ्यांना बाई लावली, तरी दुखणं कमी झालं नाही. रात्री दोन-अडीचला ती उठून गॅलरीत बसायची. मी म्हणायचो, ‘चाळिशी-पन्नाशीत झोप कमीच होते.’ संध्याकाळी अंग कोमट लागायचं. ब्लाउज सैल झाले, तर मैत्रिणींनी ‘बारीक झालीस गं’ म्हणून कौतुक केलं. आणि माझ्या फायलीतल्या चिठ्ठीवरच्या वेदनाशामक गोळ्या ती दुकानातून आणून घेत होती. डॉक्टर माझे, चिठ्ठी माझी, गोळी तिच्या पोटात. या गोळ्या सांगण्याबाहेर दिवसेंदिवस घेतल्या तर पोटाला, मूत्रपिंडाला, रक्तदाबाला महागात पडतात हे वेगळंच. इथे त्यांनी आणखी एक केलं : आतल्या आगीचा धूर झाकून ठेवला.

संक्रांतीनंतर एका हळदीकुंकवाहून ती घरी आली ती एका पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कधी निसटली ते तिला कळलंच नव्हतं. आम्ही हसलो. दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं, आणि जिना चढताना पाय जड झाला. सुट्टीला आलेल्या मुलीने ते पाहिलं. ती हसली नाही. ‘बाबा, चप्पल निसटलेली कळत नाही म्हणजे काय?’ असं म्हणून ती आईला त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेली.

एमआरआयमध्ये पाठीचे दोन शेजारचे मणके आतून कुरतडलेले दिसले. पुवाचा फुगवटा मज्जारज्जूवर दाबत होता. सुईने नमुना काढून तपासला, क्षयच होता. क्षय म्हणजे खोकला, अशी आपली समजूत. पण तो हाडांत, विशेषतः पाठीच्या मणक्यांत ठाण मांडतो हे वैद्यकाला केव्हाचं ठाऊक आहे. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने मणका झिजून आलेलं कुबड आणि पायांतली गेलेली शक्ती यांचा संबंध १७७९ मध्येच लिहून ठेवला. आणि आपल्या देशात हा आजार पुस्तकातला नाही, शेजारच्या घरातला आहे. आमच्या नशिबाने शस्त्रक्रिया लागली नाही. औषधं वर्षाहून अधिक चालली, काही महिने कंबरपट्ट्यापेक्षा मोठा, छातीपासूनचा पट्टा बांधावा लागला. फुप्फुसात काही नसेल तर मणक्याचा क्षय घरातल्या कुणाला लागत नाही, हे शेजाऱ्यांना समजावता समजावता मुलीचा घसा कोरडा पडला. पत्नी पूर्ण बरी झाली. पायांत शक्ती परत आली. आज ती माझ्या पुढे पर्वती चढते आणि वर जाऊन माझी वाट पाहत बसते. पण डॉक्टर म्हणाले होते ते मी विसरलेलो नाही. ‘आणखी महिना-दोन महिने गेले असते, तर पाय परत येतील अशी खात्री मला देता आली नसती.’

मग साधी पाठदुखी आणि ही पाठदुखी घरच्या घरी ओळखायची कशी? निदान करणं आपलं काम नाही. पण घराघरात पाठ असाव्यात अशा काही खुणा आहेत. थकलेली पाठ कामाबरोबर वाढते आणि हालचालीने, विश्रांतीने, ऊबेने हलकी होते. ती बहुधा काही आठवड्यांत वळणावर येते. जे दुखणं सुट्टीच्या दिवशीही सुट्टी घेत नाही, रात्री झोपेतून उठवतं, आठवड्यांमागून आठवडे वाढतच जातं, ज्याच्या जोडीला बारीक ताप, घाम, घटणारं वजन आहे, ते बामाचं नाही. ज्यांना पूर्वी कर्करोग होऊन गेलाय किंवा ज्यांना दीर्घकाळ स्टेरॉइड चालू आहे, त्यांनी नव्या पाठदुखीत थांबू नये. पाय जड होणं, मुंग्या येणं, चालताना तोल जाणं, चप्पल निसटणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, ही तर त्याच दिवशी इस्पितळ गाठण्याची लक्षणं.

त्याहून घाईची आणखी दोन आहेत. छातीत दाब, घाम, धाप, मळमळ यांच्याबरोबर खवाट्यांच्या मध्ये दुखू लागलं तर ते हृदयाचं असू शकतं. बायकांमध्ये हृदयविकार पुष्कळदा पाठ, जबडा, थकवा अशा आडवाटेने येतो आणि म्हणून तो ‘पित्त’ म्हणून घरीच ठेवला जातो. आणि अचानक, काहीतरी फाटल्यासारखी भयंकर कळ पाठीत आली तर ती महारोहिणीची असू शकते. दोन्ही वेळी मिनिटं मोलाची. याशिवाय जेवणानंतर उजव्या खवाट्याखाली उठणारी कळ पित्ताशयातल्या खड्यांची निघते. एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन मागाहून फोड आले तर ती नागीण असते.

आणि एक खूण आपल्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं असते. घरातली म्हातारी बाई वाकत जाते, तिचा हात पूर्वीच्या फळीपर्यंत पोचेनासा होतो. ‘वय झालं’ म्हणून आपण ती फळी खाली घेतो. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होऊन मणके दबतात, कधी शिंकेने, कधी बादली उचलताना. कधी तर कळही न येता. प्रत्येक पोक वयाची नसते. हाडांची घनता तपासता येते, औषधं आहेत, नवे मणके मोडणं रोखता येतं. मात्र अशा पाठीला जोराचं मालिश, झटके किंवा पुढे खोल वाकण्याची आसनं नकोत.

हे सगळं कुणालाही माहीत करून घेता येईल. मला राहून राहून टोचतं ते वेगळं आहे. माहिती आमच्या घरात होती. चार बोटं जाड होती. ती फक्त एकाच पाठीच्या उपयोगाची ठरली. मी विव्हळलो तेव्हा घर थांबलं : चहा हातात, गादी नवी, मुलीने गाडी काढली. ती बोलली तेव्हा स्वयंपाकघरातलं काम थांबलं नाही, म्हणून आम्ही दुखणं फारसं नसावं असा हिशेब केला. घरातल्या बाईचं दुखणं आपण तिच्या काम करण्यावरून मोजतो. ती ओट्याशी उभी आहे ना, मग बरी आहे. बँकेत छोटी थकबाकी दिसली की आम्ही लगेच पत्र पाठवायचो, कारण थकीत खातं उशिरा हाती घेतलं तर हाती काही लागत नाही. ते शहाणपण मी ऑफिसातच कुलूपबंद करून घरी येत होतो.

आणि बाईचीच गोष्ट नाही. जे तक्रार करत नाहीत, किंवा ज्यांची तक्रार कुणी धरत नाही, अशा सगळ्यांची आहे. धुणं-भांड्याला येणाऱ्या मावशी. वाकून वाकून मणके दबलेली आजी. पाठीवर दप्तर घेऊन जिना चढणारा नातू. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं, असं २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणाने सांगितलंय. मी एकदा नातवाला वजनकाट्यावर उभं केलं, आधी दप्तरासह, मग दप्तराशिवाय. जे निघालं ते पाहून सून आणि मी दोघांनी मिळून दप्तर उपसलं. निम्मा माल त्या दिवशी न लागणाऱ्या वह्यांचा होता. धोरणं दिल्लीत होतात, दप्तर घरात भरलं जातं.

आमचा ओटा आता फोडून बसवणं जमलं नाही, पण त्याच्यासमोर ओट्याच्या लांबीची, चार इंच उंच, न डगमगणारी फळी सुताराकडून करून घेतली. त्यावर उभी राहिली की पत्नीचे खांदे खाली येतात. त्या फळीला साडेआठशे रुपये लागले. एकोणीस वर्षं मला ती सुचली नव्हती. आणि पोळ्या आता निम्म्या मी लाटतो. मला मात्र फळीवरून उतरून लाटाव्या लागतात आणि माझ्या पोळ्या नकाशासारख्या होतात, तो भाग वेगळा.

त्या दिवाळीत फायली परत ठेवण्याआधी मी सौ.च्या फायलीला पुढून एक कोरा कागद लावला. तिच्या दुखण्याची पहिली नोंद जानेवारीतली होती, डॉक्टरांनी केलेली. त्याआधीचे सात महिने कागदावर नव्हतेच. निदान सुरुवातीची तारीख तरी असावी म्हणून मी तिला विचारलं, ‘पहिल्यांदा दुखलं ते केव्हा, आठवतंय का गं?’

तिला आठवायला क्षणही लागला नाही. ‘वटपौर्णिमेच्या सुमाराला. रविवार होता,’ ती म्हणाली. ‘मी चहा घेऊन आले आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही पुरवणी वाचत होता.’